‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे नेमके कुठे?

एप्रिल अर्धा सरला की आपल्याकडे आभाळाकडे पाहणाऱ्यांची संख्या वाढते. नाशिक-नगरकडे उन्हाळी कांदा काढून शेतात पडलेला असतो, तासगावकडे बेदाणा रॅकवर असतो, हिंगोलीकडे हळद शिजवून वाळत घातलेली असते. कोकणात हापूस अजून झाडावर असतो. अशा वेळी दुपारी चार वाजता नैर्ऋत्येला किंवा पूर्वेला एखादा ढग फुलकोबीसारखा वर चढू लागला, की ‘आज येणार का?’ हा प्रश्न हौसेचा राहत नाही. उत्तर द्यायला पुष्कळजण तयार असतात. भारतीय हवामान खात्याचे पत्रक असते, गावोगाव मोबाइलवरून फिरणारे स्वतंत्र हवामान अभ्यासकांचे संदेश असतात, आणि नक्षत्राचे वाहन बेडूक की म्हैस हे सांगणारे पंचांगही असते.

या अंदाजांची आम्ही येथे थोडी झडती घेणार आहोत. अंदाज चुकतात ही आमची तक्रार नाही. वळवाचा पाऊस हा वातावरणातील सर्वांत खोडकर प्रकारांपैकी एक आहे आणि त्याच्या बाबतीत चुका होणारच. आमची तक्रार अशी की अंदाज बरोबर आला की चुकला हेच पुष्कळदा ठरवता येत नाही, आणि जेथे ठरवता येते तेथे आपण ते ठरवत नाही.

प्रथम अधिकृत भाषा पाहू. हवामान खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस’ अशा अर्थाचे वाक्य उन्हाळ्यात हमखास असते. आम्ही शिक्षकांच्या शिबिरांत या शब्दांचा अर्थ विचारतो. बहुतेक वेळा उत्तर येते, ‘थोडासा पाऊस पडेल.’ हे उत्तर चुकीचे आहे. ‘तुरळक’ हे विशेषण ठिकाणांचे आहे, पावसाचे नव्हे. एखाद्या विभागातील पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस होईल, असा त्याचा ठरलेला अर्थ आहे. त्यापुढे २६ ते ५०, ५१ ते ७५ आणि ७६ ते १०० टक्के केंद्रे यांसाठी वेगवेगळे शब्दप्रयोग आहेत. म्हणजे ज्या गावावर तो ढग फुटेल तेथे ओढ्याला पूर येऊ शकतो आणि शेजारच्या गावी फुफाटा उडत राहू शकतो. अंदाज दोन्ही गावांसाठी एकच, आणि दोन्हीकडे बरोबरच. शक्यतेच्या शब्दांनाही पत्रकात टक्केवारीचे अर्थ जोडलेले असतात, पण वर्तमानपत्रात येईपर्यंत त्यातले एवढेच उरते: ‘पावसाची शक्यता’.

‘मुसळधार’चे तसेच. खात्याच्या व्याख्येप्रमाणे चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार. सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ हा तो दिवस. मोसमी पावसाला ही मोजपट्टी ठीक आहे, कारण तो दिवसदिवसभर पडतो. वळीव मात्र अर्ध्या तासात आटोपतो. त्या अर्ध्या तासात ३० मिलिमीटर पडले तर वाफे वाहून जातात, बाजार समितीच्या ओट्यावरचे धान्य भिजते. पण व्याख्येप्रमाणे तो जोरदार पाऊस ठरत नाही! उन्हाळी पावसाचे वर्णन तासागणिक तीव्रतेने व्हायला हवे. पत्रकात वाऱ्याचा वेग दिला जातो, तो पुष्कळदा पावसाच्या आकड्यापेक्षा अधिक उपयोगाचा असतो. दुर्दैवाने बातमीतून नेमका तोच गळतो.

रंगांचा गोंधळ वेगळाच. पिवळा म्हणजे कमी पाऊस, नारिंगी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे खूप, अशी समजूत रूढ झाली आहे. हे रंग पावसाच्या मापाचे नसून सावधगिरीचे आहेत. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. ते ठरवताना घटना घडण्याची शक्यता आणि तिचा संभाव्य परिणाम या दोहोंचा विचार असतो. ‘पिवळा होता तरी एवढा पाऊस कसा?’ हा प्रश्न म्हणूनच गैरलागू आहे. पण तो प्रश्न पडला याचा दोष केवळ वाचकाला देऊन चालणार नाही.

आता या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या एका आकृतीकडे वळू. शाळेच्या भूगोलात अभिसरण किंवा आरोह पर्जन्याची आकृती असते. तापलेली जमीन, वर जाणारे बाण, ढग, आणि खाली येणाऱ्या तिरप्या रेघा. जमीन तापते, हवा हलकी होऊन वर जाते, थंड होते, पाऊस पडतो. आकृतीत खोटे काही नाही. पण एखाद्या चौकस मुलाने विचारावे, ‘सर, मग मे महिन्यात रोज पाऊस का पडत नाही? काल तर ४२ अंश होते.’ या प्रश्नाला ती आकृती उत्तर देत नाही, आणि आमच्या मते ज्या आकृतीतून हा प्रश्न सुटत नाही ती अपुरी आहे.

गणित करून पाहू. ढग नसलेली हवा वर चढताना दर किलोमीटरला सुमारे १० अंशांनी थंड होते. तिचा दवबिंदूही उतरतो, पण किलोमीटरला केवळ २ अंशांच्या आसपास. म्हणजे तापमान आणि दवबिंदू यांच्यातील अंतर किलोमीटरमागे ८ अंशांनी, म्हणजेच १२५ मीटरमागे एका अंशाने मिटते. ते पूर्ण मिटले की ढगाचा तळ आला. समजा, एके दिवशी तापमान ४२ आणि दवबिंदू १० अंश आहे. फरक ३२ अंशांचा, म्हणून ढगाचा तळ ४००० मीटर उंचीवर. दुसऱ्या दिवशी तापमान ३७ पण दवबिंदू २२. फरक १५, तळ १८७५ मीटरवर. दुसरा दिवस कमी तापलेला आहे, पण पावसाला तोच अनुकूल आहे. घामाने अंग चिकचिकते, जीव नकोसा होतो, तेव्हा ‘आज पडणार’ असे म्हातारी माणसे म्हणतात ते दवबिंदूच्या जोरावर, उष्णतेच्या नव्हे. शाळेत कोरडा आणि ओला असे दोन तापमापक असले तर विद्यार्थी हा हिशेब स्वतः मांडू शकतात. ही सोय थोड्याच शाळांत आहे, पण ती महाग नाही.

बाष्प येते कुठून? अरबी समुद्रावरून आणि बंगालच्या उपसागरावरून. उन्हाळ्यात विदर्भापासून किंवा मध्य महाराष्ट्रापासून कर्नाटकमार्गे दक्षिणेकडे एक रेषा बहुधा आढळते. तिच्या दोन बाजूंना वाऱ्यांच्या दिशा वेगवेगळ्या असतात. दोन्हीकडची हवा जेथे एकमेकींना भिडते तेथे ती वर उचलली जाते. ही रेषा पूर्वेला किंवा पश्चिमेला सरकली की वळवाचा पट्टाही सरकतो. तेवढ्यानेही भागत नाही. पुष्कळदा दीड-दोन किलोमीटर उंचीवर उबदार, कोरड्या हवेचा थर पसरलेला असतो. प्रेशर कुकरच्या झाकणासारखा तो खालच्या हवेला अडवून धरतो. झाकण पक्के असेल तर दिवसभर उकाडा आणि संध्याकाळी निरभ्र आकाश. झाकण दुपारी चार वाजता एखाद्या ठिकाणी फाटले, तर तासाभरात तेथे दहा-बारा किलोमीटर उंचीचा क्युम्युलोनिंबस उभा राहतो. हे फाटणे डोंगराच्या उतारावर होईल, की ताज्या पाणी दिलेल्या उसाच्या पट्ट्याच्या कडेला, की आदल्या ढगाने सोडलेल्या थंड वाऱ्याच्या तोंडाशी, हे आदल्या दिवशी सांगणे आजच्या संगणकी प्रतिमानांनाही जमत नाही. हवेतील थरांची मोजणी करणारे फुगे ठराविक केंद्रांवरून दिवसातून दोनदा, पहाटे साडेपाच आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमारास सोडतात. वळवाचा सगळा खेळ या दोन वेळांच्या दरम्यान होऊन जातो!

म्हणून ‘उद्या दुपारी अमुक तालुक्यातील अमुक गावी गारपीट’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याच्याजवळ आपल्याजवळ नसलेले ज्ञान आहे असे समजू नये. एक-दोन तास आधी मात्र पुष्कळ सांगता येते. डॉप्लर रडारला ढगातील पाणी आणि वाऱ्याची गती दोन्ही दिसतात. अशा तात्कालिक सूचना हवामान खाते देते, आणि आमच्या मते उन्हाळ्यात खात्याचे सर्वांत उपयुक्त काम तेच आहे. ती सूचना शेतातल्या माणसापर्यंत तासाच्या आत पोचते का, हा खरा प्रश्न आहे.

एवढ्याशा ढगात किती ऊर्जा असावी? २५ चौरस किलोमीटरवर २० मिलिमीटर पाऊस पडला असे धरू. हे पाणी ५० कोटी किलोग्रॅम भरते. वाफेचे पाणी होताना दर किलोग्रॅममागे सुमारे २५ लाख जूल उष्णता मोकळी होते. गुणाकार करून विजेच्या युनिटांत मांडले तर जवळजवळ ३५ कोटी युनिटे होतात. कोयनेचा १९६० मेगावॉटचा संपूर्ण प्रकल्प पूर्ण क्षमतेने सात दिवसांहून अधिक काळ चालवला तर एवढी वीज निघेल. एवढी ऊर्जा तासाभरात मोकळी होते. त्यातील अल्पसा भाग वाऱ्याच्या रूपाने खाली येतो. ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असली, तर पडणारे थेंब वाटेतच सुकतात, हवा थंड व जड होऊन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पाऊस चार थेंब, पण धुळीची भिंत आणि पत्रे उडवणारा वारा. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असेच धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरला पेट्रोलपंपावर जाहिरातफलक कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. परवानगीची मर्यादा ४० फूट लांब आणि ४० फूट रुंद. हा फलक सुमारे १२० फूट गुणिले १२० फूट, म्हणजे क्षेत्रफळाने नऊपट. तेवढ्याच वेगाच्या वाऱ्याचा त्यावरचा रेटाही नऊपट. अशा घटनेचे खापर वळवावर फोडणे हे आमच्या दृष्टीने भौतिकशास्त्राचे अज्ञान आहे. निदान शाळेत तरी ते गणित करून दाखवावे.

आता स्वतंत्र अभ्यासकांकडे. त्यांना सरसकट भोंदू म्हणणे आम्हांला मान्य नाही. त्यांतील कित्येकजण उपग्रहाची चित्रे आणि परदेशी प्रतिमानांचे नकाशे रोज पाहतात, शेतकऱ्याच्या बोलीत बोलतात आणि फोन उचलतात. पत्रकाला हे जमलेले नाही. आमचा आक्षेप अंदाजाच्या घडणीवर आहे. ‘१२ ते २० मे या काळात राज्यात विजांच्या कडकडाटासह पाऊस’ हे विधान कसे खोटे ठरणार? महाराष्ट्र ३ लाख चौरस किलोमीटरहून मोठा आहे, जिल्हे ३६. मे महिन्यात नऊ दिवसांत कुठे ना कुठे गडगडाट होणारच. एका गावापुरते बोलायचे तरी हिशेब करा. समजा, त्या गावी त्या काळात कोणत्याही एका दिवशी पावसाची शक्यता दहात एक आहे, आणि दिवस एकमेकांवर अवलंबून नाहीत. तर नऊही दिवस कोरडे जाण्याची शक्यता ०.९ चा नववा घात, म्हणजे सुमारे ०.३९. म्हणजेच काहीही माहिती नसताना केलेला ‘पडेल’ हा अंदाज १०० पैकी ६१ वेळा बरोबर! अकरावी-बारावीच्या वर्गात संभाव्यतेसाठी याहून चांगले उदाहरण आम्हांला माहीत नाही.

‘आमचे ९० टक्के अंदाज खरे ठरतात’ या दाव्याचीही एक जुनी कथा आहे. अमेरिकेत १८८४ साली जॉन फिनली या लष्करी हवामान निरीक्षकाने टोर्नेडो या चक्रवाताचे अंदाज दिले. एकूण २८०३ अंदाजांत १०० वेळा त्याने ‘येईल’ म्हटले. त्यांतले २८ खरे ठरले, ७२ फुकट गेले. उरलेल्या ‘येणार नाही’ या अंदाजांपैकी २३ वेळा टोर्नेडो आला आणि २६८० वेळा आला नाही. म्हणजे २७०८ अंदाज बरोबर, टक्केवारी ९६.६. भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट याने त्याच वर्षी दाखवून दिले की रोज डोळे मिटून ‘येणार नाही’ म्हटले असते तर ९८.२ टक्के गुण मिळाले असते! दुर्मीळ घटनेच्या बाबतीत ‘एकूण बरोबर’ ही मोजणीच फसवी आहे. ‘नाही म्हटले, आले नाही’ हे सोपे यश वगळून मोजा: २८ भागिले १२३, म्हणजे २३ टक्क्यांच्या जवळपास. फिनलीचे यश हेच, आणि त्या काळी ते लहान नव्हते.

शाळेत हे करून पाहण्यासारखे आहे. पंधरा एप्रिल ते तीस जून एक वही ठेवावी. रोज सकाळी दोन-तीन स्रोतांचे अंदाज आपल्या तालुक्यापुरते लिहावेत, जसेच्या तसे, नंतर खाडाखोड न करता. संध्याकाळी काय झाले ते लिहावे. पर्जन्यमापक नसेल तर सरळ बाजूंचा डबा आणि पट्टी चालेल. राज्यात महसूल मंडळांच्या पातळीवर महावेधची दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे आहेत, त्यांच्या आकड्यांशी आपला आकडा ताडून पाहावा. तो जुळला नाही तर विद्यार्थ्यांना दटावू नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला अवघा ७४ होता. मग वहीत चार घरांचा तक्ता करावा: म्हटले-आला, म्हटले-नाही आला, नाही म्हटले-आला, नाही म्हटले-नाही आला. पंचांगालाही एक रकाना द्यावा. एक पावसाळी नक्षत्र साडेतेरा दिवसांच्या आसपास असते, तेव्हा वर केलेले घातांकाचे गणित तेथेही लागू पडेल.

सगळ्या चुका सारख्या नसतात, हेही या तक्त्यातून बोलता येते. कांद्याच्या ढिगावर ताडपत्री टाकायला मजुरीसह ५०० रुपये पडतात आणि भिजला तर १०,००० रुपयांचे नुकसान होते असे धरा. तर पावसाची शक्यता ५ टक्क्यांहून अधिक असेल त्या प्रत्येक दिवशी ताडपत्री टाकणे फायद्याचे. पेरणीचा हिशेब उलटा आहे. तेथे बियाणे आणि खत पणाला लागते, म्हणून खात्री पुष्कळ अधिक हवी. एकच ‘शक्यता’ दोन्ही निर्णयांना पुरत नाही.

पेरणीवरून २०२५ चा मे महिना आठवतो. त्या वर्षी मान्सून २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत पोचला. मुंबईतील नोंदींत इतक्या लवकर तो कधी आलेला नव्हता, आणि कुलाब्याने १९१८ सालचा मे महिन्यातील पावसाचा उच्चांक मोडला. त्याआधी राज्यभर वळीव झोडपत होता, आणि रत्नागिरी-दापोलीच्या किनाऱ्यावर कमी दाबाचे तीव्र क्षेत्र जमिनीवर आले होते. तीन वेगळ्या कारणांचा पाऊस पाठोपाठ पडला आणि बातम्यांत त्या सगळ्याला ‘अवकाळी’ हे एकच नाव मिळाले. मे महिन्यातील वळवाला अवकाळी म्हणणे आम्हांला मुळातच पटत नाही. त्याला भाषेत स्वतंत्र नाव आहे, ते काही उगीच नव्हे. अवकाळी म्हणावे ते जानेवारी-फेब्रुवारीत हरभरा झोपवणाऱ्या पावसाला. केरळात मान्सून आल्याचे ठरवताना पावसाबरोबर वाऱ्याचा जोर व खोली आणि पृथ्वीकडून बाहेर जाणारे प्रारण हेही पाहतात. ओल झाली म्हणजे मान्सून स्थिरावला असे नव्हे. त्या वर्षी तेच झाले. मेअखेरीस त्याची चाल थांबली आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ तो पुढे सरकला नाही. ‘ओल आहे तर पेरा’ आणि ‘थांबा’ असे दोन्ही सल्ले तेव्हा फिरत होते. त्यांतला फरक वळीव आणि मोसमी पाऊस यांतील फरकाएवढाच होता.

राहता राहिली वीज. देशात वीज पडून दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात. त्यांतली बहुसंख्य ग्रामीण भागातली, शेतात काम करणारी. ‘झाडाखाली उभे राहू नका’ हा सल्ला बरोबर आहे, पण अर्धा आहे. दोन किलोमीटर परिसरात पक्के घर नसलेल्या मजूर बाईने उभे राहायचे कुठे, हे तो सांगत नाही. उत्तर एकच, तेथून आधीच निघायचे, आणि त्यासाठी सूचना आधी हवी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइलवरचे साधन जवळपासच्या विजांची सूचना देते. मोबाइल नसेल तर कान आणि घड्याळ आहेच. ध्वनी तीन सेकंदांत सुमारे एक किलोमीटर जातो. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंदांहून कमी वेळ गेला, तर ढग दहा किलोमीटरच्या आत आहे आणि त्याची वीज आपल्यावर पडू शकते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत अजून ऐकू येते. तिला काहीही आधार नाही. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावता येतो, आणि छाती दाबून व श्वास देऊन कित्येकांना वाचवता येते.

शाळा उन्हाळ्यात बंद असतात म्हणून हे सारे सुटीतले प्रकरण वाटेल. पण जूनच्या मध्यावर वर्ग भरतात तेव्हा पुष्कळ ठिकाणी गडगडाटी पाऊसच चालू असतो. ऑक्टोबरात परतीच्या पावसाचे ढगही वळवासारखेच वागतात. त्यांची वेळ बहुधा दुपारी तीन ते सहा, म्हणजे नेमकी खेळाच्या तासाची आणि मुले बांधावरून घरी परतण्याची.